रमाबाई रानडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी जवळ आला की शाळांची भाषणं सुरू होतात आणि रमाबाईंविषयीचे प्रश्नही. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. बहुतेक प्रश्न त्यांच्या संसाराविषयी असतात आणि १९०१ पाशी, म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांच्या निधनापाशी थांबतात. रमाबाई त्यानंतर २३ वर्षं जगल्या आणि त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काम त्या वर्षांतलं आहे. म्हणून न विचारलेलंही थोडं सांगितलं आहे.

१. रमाबाई रानडे म्हणजेच पंडिता रमाबाई का?

नाही. गोंधळ होणं साहजिक आहे, कारण दोघी एकाच काळात पुण्यात होत्या आणि एकमेकींना चांगल्या ओळखत होत्या. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) म्हणजे मूळच्या डोंगरे, संस्कृत विदुषी, शारदा सदन (विधवांसाठीची निवासी शाळा) आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या संस्थापक. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) म्हणजे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी आणि पुण्याच्या सेवासदनाच्या संस्थापक. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पत्नी रमाबाई (१८९८–१९३५) या तिसऱ्या आणि माधवराव पेशव्यांच्या रमाबाई शंभर वर्षं आधीच्या. आंतरजालावर पहिल्या दोघींची छायाचित्रं सर्रास अदलाबदल होऊन फिरतात. भाषणाच्या फलकावर चिकटवण्याआधी एकदा खात्री करून घ्या. दोघींच्या मैत्रीबद्दल प्रश्न ८ पाहा.

२. रानडे तर न्यायाधीश होते. त्यांना राजकीय नेता कसं म्हणायचं?

सरकारी नोकरीत असल्यामुळे ते उघडपणे चळवळीच्या व्यासपीठावर फारसे दिसत नाहीत, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेमागचं डोकं त्यांचं होतं. १८८५ मध्ये काँग्रेस स्थापन झाली, त्या घडामोडीतही ते होते. १८८७ पासून काँग्रेसच्या अधिवेशनाला जोडून भरणारी सामाजिक परिषद त्यांनी उभी केली. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली आणि १८९६ मध्ये त्यांनी डेक्कन सभा काढली. गोपाळ कृष्ण गोखले त्यांना गुरू मानत.

सरकारला त्यांचं राजकारण पुरेपूर दिसत होतं. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या वेळी, १८७९ मध्ये, त्यांची बदली धुळ्याला झाली आणि त्यांच्या टपालावर नजर ठेवली गेली. बंडवाल्यांच्या नावाने खोटी पत्रं यायची आणि रानडे ती शांतपणे पोलिसांकडे पाठवून द्यायचे. तेव्हा रमाबाई जेमतेम सतरा वर्षांच्या होत्या. नवऱ्यावर सरकारचा संशय आहे, तर घरात सनातनी माणसं नाराज, अशा दुहेरी पेचात त्यांचा संसार सुरू झाला.

३. त्यांचा जन्म कुठला? १८६२ की १८६३?

देवराष्ट्रे. तेव्हा सातारा जिल्ह्यात, आता सांगली जिल्ह्यात. यशवंतराव चव्हाणांचा जन्मही याच गावचा. माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. जन्मतारीख २५ जानेवारी १८६२ धरली जाते. काही ठिकाणी १८६३ छापलेलं सापडतं, पण टपाल खात्याने जन्मशताब्दीचं तिकीट १९६२ मध्ये काढलं. तुम्ही १८६२ लिहा.

४. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी ११ वर्षांच्या मुलीशी लग्न कसं केलं?

सगळ्यात जास्त येणारा आणि सगळ्यात अडचणीचा प्रश्न. घटना अशी: १८७३ मध्ये रानड्यांच्या पहिल्या पत्नी सखूबाई वारल्या. रानडे तेव्हा ३१ वर्षांचे होते. विधवाविवाहोत्तेजक मंडळीत त्यांचं नाव अग्रभागी होतं. १८६९ च्या गाजलेल्या पुनर्विवाहात भाग घेतल्याबद्दल सुधारकांवर बहिष्कारही पडला होता. आता हे विधवेशीच लग्न करणार, अशी सर्वांची अटकळ होती. वडील गोविंदरावांना नेमकी तीच भीती होती. त्यांनी घाईघाईने कुर्लेकरांची मुलगी ठरवली. रानड्यांनी विरोध केला, मुदत मागितली, आपल्याला लग्नच करायचं नाही असंही सांगितलं. शेवटी वडिलांचं मन मोडवेना आणि डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झालं.

टीका तेव्हाही झाली आणि ती खोटी नव्हती. विचार एक आणि वागणं दुसरं, असा ठपका रानड्यांवर जन्मभर राहिला. काही वाचक लिहितात, “त्या काळात सगळे असंच करायचे.” हे उत्तर पुरेसं नाही. सगळे जे करत होते ते चूक आहे, असं सांगणारेच हे गृहस्थ होते. उलट, या एका प्रसंगावरून त्यांना ढोंगी ठरवून मोकळं होणंही सोपं आहे. त्यांच्या स्वभावात वडीलधाऱ्यांना न दुखवण्याची एक ओढ होती, ती पुढेही डोकं वर काढते (प्रश्न ९). रमाबाईंनी स्वतः हा प्रसंग लपवलेला नाही. वडील आणि मुलगा यांच्यात काय चाललं होतं ते त्यांनी पुस्तकात सविस्तर लिहिलं आहे. ज्या लग्नाला नवरा राजी नव्हता, त्या लग्नातली बायको हे लिहिते आहे, एवढं वाचताना लक्षात ठेवा.

५. रमाबाई शाळेत गेल्या होत्या का?

नाही. कुर्लेकरांच्या घरी मुलींना शिकवायची रीत नव्हती. लग्न झालं तेव्हा अक्षरओळखही नव्हती. रानड्यांनी लग्नानंतर लगेच पाटी हातात दिली आणि रोज रात्री स्वतः शिकवायला बसले. मग ट्रेनिंग कॉलेजातल्या एक शिक्षिका मराठी शिकवायला येऊ लागल्या आणि पुढे इंग्रजीसाठी एक युरोपियन बाई. मराठी, इंग्रजी झालं आणि नंतर बंगालीही.

बंगालीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १८८६ मध्ये रानड्यांची अर्थविषयक समितीवर नेमणूक झाली आणि दोघं कलकत्त्याला राहायला गेले. रानड्यांनी तिथे बंगाली शिकायला घेतलं. हजामत चालू असताना पुस्तक उघडून अडलेला शब्द न्हाव्याला विचारायचे. रमाबाई हसल्या तेव्हा त्यांनी दत्तात्रेयाचे चोवीस गुरू काढून दाखवले. मग तीच भाषा त्यांनी बायकोलाही शिकवली.

या शिकवण्याला दुसरी बाजू होती. रानडे रागावत नसत, गप्प होत. रमाबाई घरातल्यांच्या दबावाखाली कुठे कचरल्या, तर रात्री नवरा एक शब्द बोलत नसे, आणि त्या शांततेचा धाक शिक्षेपेक्षा मोठा होता. आज वाचताना ही शिस्त प्रेमळ वाटते की जाचक, यावर वाचकांत एकमत होत नाही. मला ती दोन्ही वाटते.

६. सासरच्या बायकांनी त्यांचा खरंच छळ केला का?

टोमणे, अबोला, हेटाळणी, सगळ्यांसमोर अपमान, हे सगळं होतं. घरात सावत्र सासू, नणंद आणि नात्यातल्या इतर वडीलधाऱ्या बायका होत्या. दिवसा अभ्यासाला बसलं की शेरे सुरू. वाचायचं असेल तर वरच्या मजल्यावर नवऱ्यापुढे वाच, आम्हाला ऐकवू नको, असा सूर. मडमेकडे शिकून आलं की आंघोळ केल्याशिवाय घरात शिवायचं नाही, हा दंडक. थंडीपावसात ही रोजची आंघोळ त्यांच्या प्रकृतीला भोवली.

पण या बायकांना खलनायिका करून टाकण्यात अर्थ नाही. रानड्यांची बहीण दुर्गा स्वतः बालविधवा. जी सुधारणा तिच्या वाट्याला आली नाही, तीच आता धाकटी भावजय तिच्या डोळ्यांदेखत उपभोगते आहे, तीही तिच्याच भावाकडून. तिच्या जागी बसून हा प्रसंग पुन्हा वाचा. रमाबाईंनी लिहितानाही या बायकांवर सूड उगवलेला नाही.

७. हुजूरपागा रमाबाईंनी काढली का? ती मुलींची पहिली शाळा का?

दोन्हींचं उत्तर नाही. मुलींची शाळा जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८४८ मध्येच भिडे वाड्यात काढली होती. हुजूरपागा १८८४ मधली. ते मुलींचं हायस्कूल, म्हणजे प्राथमिकच्या पुढचं शिक्षण देणारं. काढणारी मंडळी म्हणजे रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर आणि वेडरबर्न.

रमाबाईंचा वाटा वेगळा आणि त्यांच्यासाठी फार मोठा. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन पुण्यात आले असता भरलेल्या सभेत, मुलींचं हायस्कूल हवं अशी मागणी करणारं इंग्रजी भाषण त्यांनी वाचून दाखवलं. मजकूर रानड्यांनी लिहिलेला होता. बावीस वर्षांची ब्राह्मण सून भरसभेत गव्हर्नरसमोर इंग्रजी वाचते, हे पुण्याला पचणारं नव्हतं. घरी काय झालं असेल, ते प्रश्न ६ वाचून कळेल. केसरीच्या बाजूने या शाळेवर आणि तिच्या अभ्यासक्रमावर सडकून टीका झाली. इंग्रजी आणि गणित शिकून बायका बिघडतील, घरकाम विसरतील, असा एकूण युक्तिवाद.

८. पंडिता रमाबाईंशी त्यांचं नातं कसं होतं?

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज सुरू केला. बायकांच्या साप्ताहिक सभा भरू लागल्या. संस्कृत पुराण सांगणारी, विधवा, आणि कुणाची भीड न बाळगणारी ही बाई रमाबाई रानड्यांना जवळची वाटली. घरातल्यांना तितकीच नकोशी. पुढच्याच वर्षी पंडिताबाई इंग्लंडला गेल्या आणि तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुण्यात मोठं काहूर माजलं.

तरीही १८८९ मध्ये शारदा सदन निघालं तेव्हा रानडे आणि भांडारकर त्याच्या सल्लागार मंडळावर होते. १८९३ मध्ये, सदनातल्या मुलींवर धर्माचा प्रभाव पाडला जातो या वादातून, त्यांनी अंग काढून घेतलं. आर्य महिला समाजाचं काम मात्र रमाबाई रानड्यांनी सोडलं नाही. पंडिताबाईंच्या संस्थांवर ज्या मुद्द्यावरून आग पाखडली गेली तो मुद्दा पुढे सेवासदनात काळजीपूर्वक टाळलेला दिसतो: कुणाच्या धर्माला हात लावायचा नाही.

९. पंचहौद मिशनच्या चहाचं प्रकरण काय होतं? रमाबाईंचं त्यावर म्हणणं काय?

ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहाबिस्किटं आली. काहींनी घेतली, काहींनी नाही. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळकही होते. आनंदीबाई जोश्यांचे पती गोपाळराव यांनी नावांची यादीच वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा धर्मवाद, सुरू झालं. घरी भटजी मिळेना, श्राद्धपक्ष अडले.

१८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. त्यांना स्वतःला त्याची गरज वाटत नव्हती. पण बहिष्काराचा जाच ज्या मित्रांच्या घरांना सोसवेना, त्यांना सोबत म्हणून त्यांनी ते केलं. सुधारकांनी त्यांना दुबळं म्हटलं. रमाबाईंनाही हे मुळीच रुचलं नव्हतं आणि तसं त्यांनी लिहिलं आहे. नवऱ्याच्या भक्तीने भारलेल्या पुस्तकात ही नापसंती उमटते. “रमाबाई नवऱ्याचं सगळंच योग्य मानत होत्या” असं लिहिणाऱ्यांनी ती पानं वाचावीत.

१०. रानड्यांच्या निधनानंतर त्या काय करत होत्या?

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत रानडे गेले. रमाबाई ३९ व्या वर्षात होत्या. मूलबाळ नव्हतं. पुण्याला परत आल्या आणि सुमारे वर्षभर घराबाहेर जवळजवळ पडल्याच नाहीत. नंतरचं काम एका झटक्यात उभं राहिलं नाही.

आधी रानड्यांचे कागद. त्यांची धर्मपर व्याख्यानं त्यांनी गोळा करून छापली आणि १९१५ मध्ये त्यांचं संकीर्ण इंग्रजी लेखन प्रसिद्ध केलं. मग भेटी: येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांकडे, ससून रुग्णालयात आजाऱ्यांकडे, सुधारगृहातल्या मुलांकडे. फळं, फुलं, पुस्तकं घेऊन जायच्या, तुरुंगात बायकांशी बोलत बसायच्या. गुन्हेगार बाईच्या शेजारी जाऊन बसणारी न्यायमूर्तींची विधवा त्या काळच्या पुण्यात विरळाच. १९१३ मध्ये दुष्काळाच्या कामासाठी गुजरात-काठेवाडात गेल्या. आषाढी-कार्तिकीला आळंदीच्या यात्रेत सेवासदनाच्या स्वयंसेविका घेऊन जायच्या, यात्रेकरू बायकांच्या मदतीला. बायकांनी गर्दीत स्वयंसेवक म्हणून उभं राहायचं, हे त्या निमित्ताने लोकांच्या नजरेला सवयीचं झालं.

१९०४ मध्ये मुंबईत सामाजिक परिषदेबरोबर भारत महिला परिषद भरली. तिच्या अध्यक्ष रमाबाई होत्या. सामाजिक परिषद रानड्यांनी काढलेली, आणि तिला जोडून बायकांचं स्वतंत्र व्यासपीठ. इथून पुढे त्या कुणी लिहून दिलेलं वाचत नाहीत.

११. सेवासदन नेमकं कुणाचं? मुंबईचं की पुण्याचं?

दोन्हीकडे आहे आणि दोन्हींशी रमाबाईंचा संबंध आहे. मुंबईचं सेवासदन १९०८ मध्ये निघालं. कल्पना पारशी सुधारक बेहरामजी मलबारी आणि सिंधी न्यायाधीश दयाराम गिडूमल यांची, अध्यक्ष रमाबाई. पुण्याचं सेवासदन १९०९ मध्ये. तिथे रमाबाईंच्या जोडीला गोपाळ कृष्ण देवधर होते, गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले. वर्ग रमाबाईंच्या राहत्या घरात सुरू झाले. पुढे पुण्याचं सेवासदन स्वतंत्र, मोठं आणि जास्त गाजलेलं झालं. महाराष्ट्रात “सेवासदन” म्हटलं की बहुतेकांना तेच आठवतं.

काम काय होतं, हे मात्र फार कमी लोक विचारतात. प्रौढ बायकांना लिहायवाचायला शिकवणं हा पाया. त्यावर शिवणकाम, हातमाग आणि इतर हस्तव्यवसाय, म्हणजे चार पैसे हाती येतील असं काही. त्यावर शिक्षिका घडवणारे वर्ग. आणि परिचारिका, त्याबद्दल प्रश्न १३. बाहेरगावच्या मुलींसाठी वसतिगृहं. रमाबाई गेल्या तेव्हा संस्थेच्या वेगवेगळ्या विभागांत एक हजारावर स्त्रिया शिकत होत्या.

या सगळ्याला पैसा लागत होता. संस्थानिक, व्यापारी, सरकार, कुणाकडेही जायला रमाबाई संकोच करत नव्हत्या. न्यायमूर्तींचं नाव दारं उघडायला उपयोगी पडलं यात शंका नाही, पण आत गेल्यावर हिशेब त्यांनाच मांडावा लागायचा. संस्था म्हणजे उद्घाटनाचा फोटो असं समजणाऱ्यांना सांगावंसं वाटतं की त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधरा वर्षं प्रवेश, वर्गण्या, भाडं, शिक्षिकांचे पगार आणि मुलींच्या आजारपणात गेली.

१२. सेवासदन आणि कर्व्यांचं हिंगणं यात फरक काय?

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम सुरू केला तो मुख्यतः विधवांसाठी. तो शहराबाहेर हिंगण्याला नेला आणि तिथे मुली राहून शिकत. सेवासदन भर शहरात, आणि विधवांइतकंच संसारातल्या बायकांसाठी. दुपारी दोन तास मोकळे काढून येणारी, मूल शेजारणीकडे ठेवलेली बाईही तिथे बसू शकत होती. कर्वे पुढे १९१६ मध्ये महिला विद्यापीठापर्यंत गेले. सेवासदनाचा रोख पदवीपेक्षा हाताला काम देण्यावर राहिला.

१३. परिचारिकांचं प्रशिक्षण एवढं महत्त्वाचं का मानतात?

कारण तेव्हा हे काम हलकं समजलं जाई. परक्या पुरुषाला स्पर्श, रक्त, मलमूत्र, रात्रपाळी, वेगवेगळ्या जातींचे रुग्ण. भारतीय ख्रिस्ती आणि युरोपियन बायका ते करत. हिंदू घरातली मुलगी, त्यातून विधवा, तिथे पाठवणं म्हणजे बेअब्रू. रमाबाईंनी ससून रुग्णालयात मुली पाठवायला सुरुवात केली, त्यांच्यासाठी वसतिगृह काढलं आणि पालकांची समजूत घातली. वसतिगृह हा यातला कळीचा भाग. मुलगी कुठे राहते, कुणाच्या देखरेखीखाली, याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुठलेही आईवडील तयार होत नव्हते. आज नर्सिंगला जाणाऱ्या मराठी मुलींची संख्या पाहिली की ही अडचण एके काळी होती यावर विश्वास बसत नाही.

१४. मुलींच्या सक्तीच्या शिक्षणासाठी आणि मताधिकारासाठी त्यांनी काय केलं?

विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला: नगरपालिकांना हवं असेल तर प्राथमिक शिक्षण सक्तीचं करता येईल. पुणे नगरपालिकेत मग वाद पेटला. पैसे अपुरे आहेत, तेव्हा आधी मुलग्यांना सक्ती करू, मुलींचं नंतर पाहू, असा एक पक्ष होता. टिळकपक्षाचे बरेच लोक या बाजूला होते. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, सक्ती करायची तर दोघांना. बडोद्यात सयाजीरावांनी मुलींसह सक्तीचं शिक्षण १९०६ पासून लागू केलेलं होतं, त्यामुळे “हे होणंच शक्य नाही” असं म्हणायची सोय उरली नव्हती.

रमाबाईंनी बायकांना रस्त्यावर आणलं. सभा भरवल्या, मोर्चा नेला. साठीला टेकलेली, पांढऱ्या वस्त्रातली ही बाई नगरपालिकेकडे मागणी घेऊन जाते, हे दृश्य पुण्याला नवीन होतं. १८८४ मध्ये ज्या शहराने तिला एका भाषणासाठी नावं ठेवली, त्याच शहरातल्या बायका आता तिच्या मागे चालत होत्या.

मताधिकाराचं असं: १९१९ च्या सुधारणा कायद्याने बायकांना मत द्यायचं की नाही हे प्रांतिक कायदेमंडळांवर सोडलं. मुंबई इलाख्यात ही चळवळ चालवणाऱ्यांत रमाबाई पुढे होत्या. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळाने ठराव केला आणि बाई आहे म्हणून मत नाही, ही अट गेली. मालमत्तेची अट होतीच, त्यामुळे प्रत्यक्ष मतदार बायका थोड्या. तरी दार उघडलं.

१५. म्हणजे त्या टिळकांच्या विरोधक होत्या का?

मुलींच्या शिक्षणाच्या प्रश्नावर टिळकांच्या बाजूला त्यांचा विरोध होता, हे स्पष्ट आहे (प्रश्न ७ आणि १४). त्या पलीकडे त्यांनी मवाळ-जहालांच्या भांडणात उडी घेतलेली नाही. गोखले, देवधर हे त्यांच्या आसपासचे लोक मवाळ, म्हणून त्यांनाही त्या खात्यात टाकलं जातं. सरकारशी संबंध तोडायचे नाहीत, ही सेवासदनाची गरज होती. अनुदान सरकारकडूनच यायचं. असहकाराच्या काळात तरुण मंडळींना हे मिळमिळीत वाटलं असल्यास नवल नाही.

१६. सेवासदन फक्त ब्राह्मण बायकांसाठी होतं का?

नियमाने नाही, व्यवहारात बऱ्याच अंशी हो. संस्था पुण्याच्या पेठांत, कार्यकर्ते ब्राह्मण मध्यमवर्गीय, आणि दुपारी दोन तास काढून शिकायला येणारी बाई कोणत्या घरातली असणार हे उघड आहे. शेतात किंवा मोलाने राबणाऱ्या बाईला ही वेळ सोयीची नव्हती. फुल्यांच्या शाळा, शाहू महाराजांची वसतिगृहं आणि विठ्ठल रामजी शिंद्यांचं निराश्रित साहाय्यकारी मंडळ ज्यांच्यापर्यंत पोचलं, त्यांच्यापर्यंत सेवासदन कमी पोचलं. तुरुंग आणि रुग्णालयातल्या रमाबाईंच्या भेटींत जात आड आली नाही, पण तो त्यांचा वैयक्तिक भाग. ही मर्यादा नोंदवली म्हणून काम लहान होत नाही. मात्र “सर्व स्त्रियांसाठी पहिलं कार्य” अशी वाक्यं भाषणातून काढून टाका.

१७. त्यांचं पुस्तक आत्मचरित्र आहे की रानड्यांचं चरित्र?

“आमच्या आयुष्यातील काही आठवणी” १९१० मध्ये आलं. प्रस्तावना गोखल्यांची. मराठीतल्या स्त्रियांच्या सुरुवातीच्या आत्मकथनांत त्याची गणना होते, पण बहुतेक पानांवर मध्यभागी रानडे आहेत. पुस्तक त्यांच्या मृत्यूशी संपतं. रमाबाई पुस्तक आल्यानंतर १४ वर्षं जगल्या, कामाच्या ऐन भरात होत्या, पण दुसरा भाग लिहिला नाही. सेवासदनाची गोष्ट त्यांच्या तोंडून आपल्याला मिळालेलीच नाही, याची चुटपुट वाटते.

भाषा मात्र सुरेख. घरगुती, बोलकी, कुठेही पंडिती थाट नाही. स्वयंपाकघरातले संवाद जसेच्या तसे कानावर येतात. नवऱ्याची थोरवी सांगायला बसलेली बाई नकळत त्या वाड्यातल्या सगळ्या बायकांचं चित्र काढून जाते. इंग्रजी भाषांतरंही झाली आहेत. शाळकरी वाचकांनी पहिल्या शंभरेक पानांपासून सुरुवात करावी.

१८. “उंच माझा झोका” या दूरदर्शन मालिकेत दाखवलेलं सगळं खरं आहे का?

मालिका रोज अर्धा तास चालवायची असते. घरातली भांडणं ताणावी लागतात, गोड प्रसंग वाढवावे लागतात. मूळ चौकट, म्हणजे लग्न, शिक्षण, सासरचा विरोध, रानड्यांची शिस्त, पुस्तकातलीच आहे. विशिष्ट संवाद किंवा एखादं पात्र खरं आहे का, असं विचारणारे बरेच असतात. सोपा उपाय: प्रश्न १७ मधल्या पुस्तकात तो प्रसंग सापडला तर घ्या, नाहीतर भाषणात वापरू नका.

१९. रानडे नसते तर रमाबाई घडल्या असत्या का?

बहुधा नाही. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची यमुना दुसऱ्या कुठल्या घरी पडली असती तर आपल्याला तिचं नावही कळलं नसतं. पण तेवढंच म्हणून थांबलं तर रानड्यांनी इतर कितीजणांना घडवायचा प्रयत्न केला आणि त्यातले किती टिकले, हेही मोजावं लागेल. सामाजिक परिषद त्यांच्या मागे हळूहळू निस्तेज झाली. सेवासदन, जे त्यांनी पाहिलंही नाही, आजही चालू आहे.

२०. आज पाहायला काय आहे?

पुण्यात सेवासदन लक्ष्मी रस्त्यावर आणि एरंडवण्यात, हुजूरपागाही लक्ष्मी रस्त्यावरच. मुंबईचं सेवासदन गावदेवीला. सोलापूर आणि नागपूरलाही त्याच नावाच्या शिक्षणसंस्था आहेत. रानड्यांचं जन्मगाव निफाड, नाशिक जिल्ह्यात. या सगळ्या चालत्या शाळा आहेत, तेव्हा आधी कळवल्याशिवाय गटाने जाऊ नका, आणि परीक्षेच्या दिवसांत तर नकोच.